दिवा घालवू नका

बावीस वर्षं मी आवाजावर बाळंतपणं केली.
चार नंबरच्या खोलीतनं ओरडले
की औषधाच्या खिडकीवरचा रेवणकर
गोळ्या मोजायचा चुकायचा.
श्वास घे. सोड. आत्ता नको. आता लाव जोर.
निम्मी इचलकरंजी मी अशी हाका मारमारून
या जगात आणली.

आणि कस्तुरी बावचे, वय तेवीस, पहिलटकरीण,
माझ्या ओठांकडं बघत होती.
ओठांवर मास्क.

तिच्या वतीनं सासू बोलायची.
कितवा महिना? सासू.
बाळ फिरतंय का? सासूच, जरा विचार करून.
मी म्हणाले, आक्काताई, पोट कुणाचं आहे?

ठोक्यांचं यंत्र लावलं तेव्हा खोलीभर घोडं धावलं.
सगळ्या हसल्या.
ती आमची तोंडं बघून हसली, थोडी उशिरा,
पंगतीत न कळलेल्या विनोदाला हसतात तशी.
मग मी तिचा तळवा धरला
आणि यंत्राच्या जाळीवर टेकवला.
त्यानंतर ती जे हसली
ते मी केसपेपरवर लिहिलेलं नाही.

माझे दादा साठ मागांच्या शेडमध्ये जॉबर.
त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार?
धागा तुटला: चिमूट फटकन उघडायची.
थांब: उघडा पंजा.
चालू दे: मनगटाचा हवेत एक फेरा.
घरी जेवतानाही ते आमटी हातानंच मागायचे.
आई म्हणायची, हितं माग न्हाईत, तोंड उघडा की.
पन्नाशीत त्यांचे कान गेले
तेव्हा आमच्या घरात फारसं काही बदललं नाही.

कस्तुरीची आई कांड्या भरायची, तसल्याच एका शेडमध्ये.
हे मला आठव्या महिन्यात कळलं.
मी सहज मनगट फिरवलं.
ती पोटासकट ताडकन उठून बसली.
तुम्हाला येतं? भुवयांनी विचारलं तिनं,
आणि एवढ्या महिन्यांचं साचलेलं
दोन्ही हातांनी सांगायला लागली.
पायाला गोळे येतात. रात्री भीती वाटते.
आमटीत मीठ कमी घालायला हिला सांगा.
सासू दाराशी उभी. पहिल्यांदाच गप्प.

पहाटे पावणेतीनला कळा एकमेकींना भिडल्या.
पंजा. पंजा. थांब गं.
आता फेरा. फेरा. अजून.
तोंड मिटून मी इतकी कधी दमले नव्हते.

तेवढ्यात वीज गेली.
गावातले सगळे माग एका दमात बसले.
मला ती शांतता कानांना कळली,
तिला टाचांना:
जन्मापासून पायाखाली थरथरणारी जमीन
अचानक निजली.
अंधारात तिचा हात माझा हात शोधत आला.
शिकाऊ पोरगी टॉर्च धरून होती,
तो उजेड जिथं हवा होता तिथंच पुरत होता.
माझे हात तिला दिसणार कसे?

मग फेरा मी तिच्या मांडीवर काढला.
थांब म्हणजे तळवा, सपाट, गुडघ्यावर.
तिनं एकदाही चूक केली नाही.
ऐकू येणाऱ्या बायका करतात.

मुलगी. दोन किलो सातशे.
रडली तेव्हा मी कस्तुरीचा तळवा
त्या ओल्या पाठीवर ठेवला.
हे बघ, रडणं.

दिवे आले. माग पुन्हा खडखडले.
सासूनं हळूच विचारलं,
सिस्टर, हिला तरी ऐकू येईल न्हवं?
तपासणी होईल, म्हटलं. कळेल.
आणि नसलं तर?
मी मनगट फिरवलं.
ती माझ्या हाताकडं बघत राहिली.
समजलं नाही तिला.
शिकेल.

केसपेपरवर मूकबधिर हा शिक्का आधीच होता.
त्याखाली सकाळच्या पाळीसाठी मी लिहिलं:
मास्क खाली करून बोला.
जे विचारायचं ते तिलाच विचारा.
अंगाला हात लावण्याआधी समोर या.
रात्री हिच्या खाटेवरचा दिवा घालवू नका.
बाकीच्या बायका कुरकुरतील.
कुरकुरू दे.