पितळी उंबऱ्यापर्यंत

पाच अकरा, महाद्वार.
पाच एकोणतीस, कासव चौक.
पाच अडतीस, पितळी उंबरा.
गरुडमंडपाच्या खांबाला टेकून मी आकडे उतरवतो,
हातात कॉलेजचा प्रकाशमापक,
काखेत बावीस वर्षांची वही.
मागून कुणीतरी, "सर, आज तोंडावर येणार का?"
किरण गुडघ्यापर्यंत चढला
आणि कुणी वात बोटानं दाबावी तसा गेला.
गर्दी हळहळली. म्हणाली, सूर्यच मंद झालाय हल्ली.

सूर्य मंद नाही झाला.
मंगळवारी मी स्वतः तीन मजले चढून पाहून आलो होतो,
पश्चिमेच्या गच्चीवर काळी टाकी, नवी, हजार लिटरची.

सूर्यही बदलतो, नाही असं नाही.
अकरा वर्षांत त्याच्यावर डाग येतात, जातात,
उजेडात फरक हजारात एक,
माझ्या वहीत असे दोन फेरे मावले,
माझ्या यंत्राला एकही कळला नाही.
पृथ्वीचा आसही सरळ होतोय, शतकाला केसभर.
ज्या गवंड्यानं हा झरोका सूर्याशी जुळवला
त्याचा मावळतीचा बिंदू आजचा नव्हे.
आणि दहा हजार वर्षांमागं
आपण ऐन उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ असायचो,
आता जातो जानेवारीत, कानटोपी घालून.
तेवढ्यानं नद्या फुगल्या, तेवढ्यानंच वाळवंटं झाली.

दुसऱ्या दिवशी टाउन हॉलच्या संग्रहालयात गेलो.
दस्तगीर शिकलगार काच पुसत होता.
आत ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला
परदेशी दर्याचा देव, टीचभर, काशाचा.
"सर, समुद्र ऱ्हायला गगनबावड्याच्या खाली,
ह्यो हितं काय करतोय?"

वाऱ्यानं आणला, दस्तगीर.
आणि वारा म्हणजे ऊन आणि पाणी यांचं जुनं भांडण.
या देवाचा समुद्र एकेकाळी साठ-सत्तर पुरुष खाली होता,
बर्फानं पाणी अडवून धरलेलं,
मालवणच्या पुढं कित्येक कोस नुसती जमीन,
तिथं काय चरत असेल कोण जाणे.

माझा बाप वडणग्याचा गुळव्या.
काहिलीत हात न घालता सांगायचा, अजून दोन कढ.
जाळ ओढून घेतला तरी रस उकळत राहायचा,
आणि नवा जाळ घातला तर कितीतरी वेळ
वर काहीच दिसायचं नाही.
मी लहान, म्हणायचो, विझलं वाटतं.
तो म्हणायचा, "काहील ऐकायला उशीर करती. पर इसरत न्हाई."
समुद्राबद्दल पुढं पुस्तकांतून जे वाचलं
ते एवढंच होतं, आकड्यांसकट.
ध्रुवाजवळ बुडालेलं थंड पाणी
तळातून चालत वर यायला हजार वर्षं घेतं.
आज जे वर येतंय
त्यानं हे देऊळ नवं असताना ऊन पाहिलं असेल.

दस्तगीरनं फडकं पिळलं.
"मग हे आत्ताचं तापणं त्या जुन्या हिशेबातलंच की?"
मी लगेच बोललो नाही.
जुना हिशेब केसाकेसानं चालतो.
दीडशे वर्षांत इतका कढ यायला
चुलवाणाच्या तोंडाशी कुणीतरी बसलेलं लागतं,
चिपाडं ढकलत.
"कोण?" तो म्हणाला,
आणि खिशातली दुचाकीची किल्ली हातात घेऊन
नुसता फिरवत राहिला.

रात्री वही उघडली.
शेवटच्या रकान्यात, कारण या शब्दाखाली,
बावीस वर्षांचे ढग, धुकं, दोनदा पाऊस.
यंदा लिहिलं, टाकी.
खाली पेन्सिलनं, बारीक,
पृथ्वीचा कल: केसभर, दोष नाही.
मग आठवलं, आमच्याही गच्चीवर
मागच्याच वर्षी एक बसवली आहे.
ती कुणाच्या पश्चिमेला येते
ते अजून पाहिलेलं नाही.