पांगाऱ्याची बोय

कुंपणाचा पांगारा तोडला गेल्या वर्षी,
फांद्या बंबाजवळ वाळत पडल्या.
बंबालाही नको असतं ते लाकूड, जळतं कमी, धुरतं फार.
पण सुरी लावा, साबणासारखं सुटतं.

पहिली बोय झाली टपोरी, फणसाच्या आठळीसारखी.
विहिरीजवळच्या डोणीत सोडली
तर पोट वर करून तरंगली.
"मेलेली बोय बाजारात गावता,"
अनसूया म्हणाली, भांडी विसळत,
"ती कित्याक कोरूची?"

दुसरी एका कुशीवर झोपली.
तिसरी भोवऱ्यासारखी फिरली, दोरीला पीळ घालून मोकळी.

मग आठवलं, माळ्यावर बापाचं पागेर होतं.
होतं म्हणजे उंदरांनी ठेवलं तेवढं.
सूत गेलं होतं.
गोणपाटात काठाच्या शिशाच्या गोळ्या,
आणि त्यातल्या काहींवर खाचा,
फेकण्याआधी तो काठ दातांत धरायचा, त्याच्या.

एक वितळवायची होती.
डाव तापला, आणि मी गॅस बंद केला.
पोटाला भोक पाडून गोळी तशीच दाबून बसवली,
वरून एम-सील.

डोळ्यांना पोरीच्या गॅदरिंगच्या घागऱ्याच्या टिकल्या.
पोटाला चॉकलेटची चांदी, पाठीला काजळी.
खालच्या ओठाला भजनाच्या सीडीचा तुकडा.

कळावलीच्या खाडीला सुकती लागली होती.
गरी बांधलीच नव्हती, आधी चाल बघायची.
ओढली.
शेपूट हललं,
घाबरलेल्या बोयीसारखं, थांबत, दचकत,
आणि तोंडवळीच्या काठाला दाखवायला कुणी नाही.

तेवढ्यात माडावरून पांढऱ्या डोक्याची घार.

रीळ किंचाळलं.
चाळीस वर्षं दोरी पाण्यात जाताना पाहिली,
आज ती माडांवरून चालली होती,
आणि मी काठावर, मान वर,
वावडी उडवणाऱ्या पोरासारखा.

खाजणावर पोचल्यावर तिला कळलं काय ते.
सोडलं.
चिखलात थप्प.

घरी अनसूयेनं पिशवी चाचपली.
"काय गावला?"
"घारीक फसयलंय."
ती हसली नाही. दिव्याखाली नेऊन उलटसुलट बघितलं.
पाठीवर तीन ओरखडे, काजळीखालून पांढरं लाकूड.
"ह्येका परत रंग मारूचो?"
नको म्हटलं.

उद्या गरी बांधेन. जिताड्याला आवडली तर आवडली.
निजताना कानाशी धरून हलवली.
आत काही वाजत नाही.
बसलीय नीट.