ऑफ

फ्लीटवुडच्या धक्क्यावर, इनिड रॉक्लिफच्या कॅफेत
पहिल्याच सकाळी मी एका शब्दावरून घसरले.
फळ्यावर खडूनं लिहिलेल्या हॅडकवर तिनं काट मारली,
म्हणाली, ऑफ.
मी समजले, नासला,
आणि फ्रिज उघडून रिकाम्या ट्रेचा वास घेत बसले.
अगं, संपला! बोटच आली नाही.
नासलंय ते दूध. ते पण ऑफ.
दोघांना एकच शब्द?
बटाट्याचा डोळा खुडत ती म्हणाली,
शब्दाला काय मीठ-व्हिनेगर लागतं?

तेव्हापासून मी त्याच्या पाळतीवर आहे.

साडेचारला गजर ऑफ जातो, म्हणजे बोंबलायला लागतो.
मी तो ऑफ करते, म्हणजे गप्प होतो.
कोट अडकवायची खुंटी तीच, काढायचीही तीच,
तसं काहीतरी असावं.

मार्चमध्ये इनिडच्या भाच्याचं, डर्मॉटचं लग्न ऑफ झालं.
फळांचा तीन थरांचा केक तोवर भाजून झालेला.
तो आम्ही एप्रिलभर विकला,
चहाबरोबर घेतला तर वीस पेन्स ऑफ.
डर्मॉटनेही एक तुकडा घेतला. पूर्ण पैसे दिले.

ट्रॉलर होते तेव्हा सगळे वेल ऑफ, इनिड सांगते,
बायका शनिवारी केस सेट करून घ्यायच्या.
मग बॅडली ऑफ.
म्हणजे माणूस ऑफ असतोच इथे,
फक्त पुढचं विशेषण बदलत राहतं.

खिडकीजवळच्या टेबलावर विल्फ थ्रेलफॉल.
दोन साखरेचा चहा, टोस्टच्या कडा काढून ठेवलेल्या.
बोटीवर कुठे होता, मी विचारलं.
ऑफ आइसलँड.
आइसलँडमध्ये?
नाही गं, ऑफ. त्यानं बशीच्या काठाबाहेर
टेबलावर बोट टेकवलं. इथे.
किनारा दिसतो, पण पाय लागत नाही.
बोट तसंच ठेवून म्हणाला,
क्लिफर्ड इथेच आहे. माझा धाकटा.
कुठल्याच गावात नाही, कुठल्याच दफनभूमीत नाही,
एका अव्ययात
बावन्न वर्षं.

(तो निघाला त्या पहाटे काय म्हणाला होता,
ते मी विचारलं नाही.
इथे निघताना सगळे तेच म्हणतात.
आय ॲम ऑफ.
टोपी घालतात आणि म्हणतात.)

एकदा ताट पुसता पुसता मी त्याला सांगितलं,
आमच्यात जाते म्हणत नाहीत.
उंबऱ्यावर उभं राहून म्हणायचं, येते.
पुरुष असाल तर, येतो.
तो खूप हसला. जाताना येतो?
म्हणजे दारातच थाप मारता तुम्ही लोक!
मग चहा निवेपर्यंत काही बोलला नाही.
इनिड माझ्या कानाशी म्हणाली,
म्हातारा आज जरा ऑफ वाटतोय,
आणि न मागता त्याला गरम कप नेऊन दिला.

गुरुवारी माझा ऑफ.
नॉट एंडची फेरी पकडून पलीकडे गेले,
बाकावर बसून हा गाव पाहिला,
दोन दीपगृहं, एक उंच, एक बुटकं.
दिसत होता. पाय लागत नव्हता.

शुक्रवारी ॲप्रन बांधते आहे तोच इनिड सांगू लागली,
काल विल्फ दारात थांबला, टोपी हातात,
आणि काहीतरी पुटपुटला. येटो की काय.
मी म्हटलं, कवळी निसटली की काय याची!
तर पुन्हा तेच म्हणाला, जरा मोठ्यानं,
माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघून.
काय अर्थ गं त्याचा?

मी सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात ट्राम घंटा वाजवत गेली,
तिनं फ्रिजमधून बाटली काढून माझ्यापुढे धरली,
हे बघ जरा, ऑफ आहे का.

मी हुंगलं.
चांगलं होतं.