पंचवीस मिनिटं

सांबऱ्याला विमान जमिनीवर थांबतं
पंचवीस मिनिटं.
तेवढ्यात उद्यमबागेत चहा दोनदा उकळतो,
आणि आमचे मालक, शट्टुप्पा होनगेकर,
एका वॉल्वच्या तोंडावरून बोट फिरवून
म्हणतात, "पुन्हा घास."

मी त्यांच्या वह्या लिहिते. वीस वर्षं झाली.
म्हणून मला माहीत आहे,
पूर्वी नमुना पुण्याला जायचा म्हणजे
गोणपाटात गुंडाळलेलं तीन किलो लोखंड
मांडीवर घेऊन कुणीतरी रात्रीच्या गाडीत बसायचं.
तवंदीच्या घाटात डुलकी, निपाणीला चहा,
कराडच्या पुढं पाय आखडलेले,
आणि सकाळी दाढी न केलेला माणूस
दाढी केलेल्या माणसासमोर उभा.
वहीत तिकीट, जेवण, लॉज.
आखडलेल्या पायांना रकाना नव्हता.

मग विमान सुरू झालं
आणि गिऱ्हाईकच आमच्याकडं आलं.
सकाळी उतरलं, भट्टी बघितली,
ओतकामाची काळी वाळू मुठीत दाबून बघितली,
बोटं रुमालाला पुसत म्हणालं,
"इतकं जवळ आहे होय तुमचं गाव?"
गाव होतं तिथंच होतं.
संध्याकाळी ते कुंद्याचे दोन डबे घेऊन परत गेलं.

त्या वर्षी सीएनसी मशीन आलं, कर्जावर.
कडोलीची तीन पोरं कामाला लागली,
त्यांतल्या एकानं पहिल्या पगारात
आईला चष्मा केला.
खडेबाजारात इरण्णाच्या लॉजवर मात्र
चाव्या खिळ्यांवरच लटकत राहिल्या.
"येतंय, बघतंय, जातंय," तो म्हणाला,
"रात्रीला कोण थांबतंय, बाई?"
आमच्या वहीत लॉजपुढं शून्य.
ते शून्य मी आनंदानं लिहीत होते,
तोवर मला वाटलंच नव्हतं
की ते दुसऱ्या कुणाच्या वहीतही पडत असेल.

माझं माहेर धावपट्टीच्या कडेला.
भावाला नोटीस आली, कन्नडमधली.
त्यानं ती माझ्याकडं आणली, मी इरण्णाकडं नेली.
त्यानं वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.
"माडाची उंची कमी करा म्हणतायत."
माडाची उंची कशी कमी करतात?
शेंडा गेला की माड गेला.
भरपाईच्या कागदावर: माड, नग एक.
पण त्याच वर्षी शेजारच्या भरमाण्णानं
चार गुंठे विकून टॅक्सी घेतली,
आणि भाऊ अजून रोज सकाळी त्या टॅक्सीकडं
आणि त्या बुंध्याकडं
आळीपाळीनं बघतो.

हिवाळ्याच्या वेळापत्रकात आमचं विमान नव्हतं.
सीटा रिकाम्या राहतात म्हणे.
आम्ही कधी बसलो होतो त्यांत?
आम्ही तर फक्त वाट बघत होतो, कोण उतरतंय त्याची.

गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, व्हिडिओवर दाखवा.
मालकांनी मोबाइलसमोर मुठीत वाळू दाबून दाखवली.
पलीकडून, "आवाज येत नाहीये."
ऑर्डर निम्मी झाली. दोन पोरं हुबळीला गेली.
हप्ता काही कुठं गेला नाही.

परवा मालकांनी पुन्हा गोणपाट काढलं.
त्यांचे गुडघे मला ठाऊक आहेत.
"मी जाते," म्हटलं.

तवंदीच्या घाटात मला झोप आली नाही.
खूप वरून एक दिवा सरकत गेला,
कुठूनतरी कुठंतरी,
आमच्यावरून.

पुण्यात काचेच्या दाराआड बसलेल्या मुलीनं विचारलं,
"बेळगावहून? सकाळच्या विमानानं आलात?"
"हो," म्हणाले मी,
आणि मांडीवरच्या ग्रीसच्या डागावर
पदर ओढला.