ठिपक्याला ठिपका

कायतानची बुलेट सकाळी ढकलत आणली दोघा पोरांनी,
कुडचडे स्टेशनपासून.
तो मागून चालत होता, पिवळ्या मडगार्डावर हात ठेवून,
आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"रिवणच्या चढार दम सोडता गे, सुलक्षा.
आनी पोटांत कोण तरी नाणीं मोजता."

टायमिंग कव्हर काढलं.
काळं ऑइल परातीत उतरलं,
त्यात चांदीचा वर्ख कुटून टाकल्यासारखा चुरा.
एक्झॉस्टच्या कॅम गिअरचा एक दात अर्धा गेलेला,
शेजारचे दोन त्याच्याकडे झुकलेले.

बाबा बाकावर बसून बघतात.
चाळीस वर्षं इंजिनांना कान लावून लावून
ते कान आता इंजिनांकडेच राहिलेत.
मी एकोणीस वर्षांची असताना
सांग्याच्या एका मास्तरांची गाडी एक दात चुकवून बसवली होती.
सुरू झाली. चालली. मास्तरांनी पैसेही दिले.
बाबा तेव्हा न्हाव्याकडे, अर्धी दाढी झालेली,
तिथून तसेच साबणासकट रस्त्यावर आले:
"एक दांत!"
एवढंच. मास्तर तोवर पुलापाशी पोचलेले.

प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडते.
चाक हळू फिरवते, तार वर येते,
वर येते,
आणि एका जागी ना वर ना खाली.
हाताला कळतं, डोळ्याला नाही.
तिथेच धरायचं.
पिनियनची रेघ इनलेटच्या रेघेला,
इनलेटचा ठिपका एक्झॉस्टच्या ठिपक्याला.
मग दोन फेरे पूर्ण फिरवून पुन्हा बघायचं:
भेटले का?
भेटले.
वरचे गिअर कुठेही असोत, त्यांची खूण नसते,
ते फक्त फिरणं पुढे पोचवतात.

कायतानने किक मारली. धरली.
पण खडखड गेली तिथे काहीतरी बारीक येऊन बसलं,
आहे की नाही असं.
मला ठरवता येईना.

बाबा उठले.
लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, मूठ दाढांत धरली
(पुढचे दात गेल्या वर्षी गेले)
आणि टोक कव्हरावर टेकवलं.
डोळे मिटले.
कायतान माझ्याकडे बघतो, मी बाबांच्या जबड्याकडे,
तिथे कातडीखाली इंजिन चालू आहे.

"शीळ घालता," मुठीआडून म्हणाले. "घट्ट बसलां."

भिंतीवर खिळ्याला त्यांची माळ आहे,
जुने इनलेट गिअर तारेत ओवलेले, बाजारातल्या बांगड्यांसारखे,
अकरा.
बोटाने चाचपत सातवा काढला.
कुणाच्या गाडीचा होता सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
पुन्हा स्क्रू, पुन्हा परात, पुन्हा तार,
ना वर ना खाली,
रेघेला रेघ, ठिपक्याला ठिपका.
नव्या दातांत एक झिजलेला,
बोटाने हलवला तर केसाएवढा सैल.

किक.
बाबांचा जबडा. डोळे मिटलेले.
बराच वेळ.
इतका की कायतानने टोपी काढून हातात घेतली.

"जाता."

तो गेला रिवणच्या बाजूला,
पैसे शनिवारी म्हणून.
कोपऱ्यापर्यंत मला आवाज आला, पुढे नाही.
बाबा तसेच उभे, स्क्रू ड्रायव्हर तोंडात,
टोक हवेत.

मी ते टोक धरलं,
त्याला ओठ टेकवून म्हटलं, च्या घेशी?

ते दचकले.
मग मूठ तोंडातून काढून, लाळ पुसत, रागाने:
"बोब मारूं नाका गे.
आयकूं येता म्हाका."