ढील

वर्कशॉपच्या भिंतीवर आमचा तक्ता:
नऊ आठवडे, बावीस पट्ट्या.
सगळ्यात लांब साखळीला लाल रंग,
हिच्यातला एक दिवस हुकला
की पुढचं सगळं घोडं अडलं.
बाकीच्यांना थोडी थोडी ढील.
आफ्रिये बाई म्हणायच्या, ढील कुठे आहे ते आधी शोधा,
घाई कुठे करायची ते मग कळेल.

यंत्र तसं साधं. कसाव्याचे कंद किसायचं.
एक पिंप, दातेरी पत्रा, इंजिन, पट्टा.
गिऱ्हाईक: कुमासीबाहेरच्या रस्त्यावर
गारी भाजून विकणाऱ्या अकरा बायका,
बोटांची पेरं किसणीने खाल्लेल्या.
फीफीने ‘ग्राहकाच्या गरजा’ या मथळ्याखाली
चार पानं लिहिली.
पेरं त्यात नव्हती.

पत्र्याला दाते पाडणे: दोन दिवस. लाल.
शुक्रवारी सुआमेत गेलो, वोफा अटाकोराच्या टपरीवर.
तो खिळा आणि हातोडी घेऊन भोकं पाडतो
एका रेषेत, काही न मोजता.
म्हणाला, उद्या नाही. उद्या माझ्या मामाचं मयत.
परवा?
परवा चर्च.
मग सोमवारी?
बघू. रडून आलेल्या हाताचा नेम
लगेच बसत नाही.

धोक्यांच्या यादीत आम्ही लिहिलं होतं
वीज जाणं, डॉलर चढणं,
इंजिन टेमा बंदरात अडकणं.
मरण नव्हतं.
न्हिराने रात्री एक ओळ वाढवली.
शक्यता: शंभर टक्के.
उपाय:
आणि तिथे कर्सर लुकलुकत राहिला.

शनिवारी उसन्या काळ्या कापडात आम्हीही गेलो.
प्लास्टिकच्या खुर्च्या, छातीत धडधडणारे स्पीकर,
आणि मांडवाच्या तोंडाशी टेबल.
वही, कार्बन, पावती,
दिलेली रक्कम नावासकट माइकवर.
मी गटाची खजिनदार. इतका चोख हिशेब
मी आमच्या अख्ख्या विभागात पाहिला नव्हता.
“वीस सेडी, इंजिनिअरिंगची पोरं!”
वोफाने मान वर केली, परत खाली घातली.

पत्रा मंगळवारी मिळाला.
बुधवारी वीज गेली, ती गेलीच.

मामे पोकुआने खर्चाचा कागद
चष्म्याच्या एका काचेतून वाचला.
पत्रा, इंजिन, पट्टा, रंग, टेम्पो.
“आणि तुमची मजुरी?”
आम्ही विद्यार्थी आहोत, फीफी म्हणाला, जरासा अभिमानानेच.
“म्हणजे पावसाळ्यात हे बंद पडलं की
मी कुणाला हाक मारू?
फुकट आलेला माणूस फुकटच निघून जातो.”
तिने माझ्या हातातलं पेन घेतलं,
खाली एक नवी ओळ आखली,
आकडा लिहिला,
आणि मग त्याच आकड्यावरून
पाऊण तास घासाघीस करून
तो निम्म्यावर आणला.

यंत्र सहा दिवस उशिरा सुरू झालं.
पांढरा चोथा पाटीत पडत होता
आणि एक बाई, नाव विचारायचं राहून गेलं,
रिकाम्या हातांचं काय करावं न सुचून
ते पोटाशी धरून उभी होती.

आफ्रिये बाईंनी दहा गुण कापले.
नियम म्हणजे नियम.

ताळेबंद जुळतो, फक्त वीस सेडी सोडून.
ती पावती कुठल्या खात्यात टाकावी
यावर आमची दोनदा भांडणं झाली.
तूर्त ती तक्त्यावर आहे, टाचणीने,
लाल पट्टीच्या कडेला,
जिथे आम्ही शून्य दिवस ढील लिहिली होती.