शुद्धिपत्र

कौसडीकर सरांनी वहीची पानं टेबलावर ठेवली
तेव्हा मार्च होता आणि लाइट नुकतीच गेलेली.
"मुजीब, शोकांतिकेच्या संज्ञा आहेत. सत्तावीस.
बीएच्या पोरांसाठी. स्वस्तात बसव."

मी बारावी नापास. पण टाइप करता करता
शब्द बोटांतून आत शिरतात, त्याला काय करणार.

स्वगत: पात्र एकटंच बोलतं, ऐकतो फक्त प्रेक्षक.
हे तर आमचे अब्बा, जेवताना,
अम्मी गेल्यापासून.
जनांतिक: शेजारी उभ्या माणसाला ऐकू गेलं नाही, असं धरून चालायचं.
हे सेलूत सगळ्यांनाच येतं.
वृंद: गावाच्या वतीने हळहळणारे. मध्ये न पडणारे.
इथं इन्व्हर्टर ओरडायला लागला, मी सेव्ह केलं.

पुढचा शब्द होता प्रमाद.
नायकाच्या हातून घडते ती चूक; दुष्टपणा नव्हे,
नेम हुकणे.
माझ्या हातून पडलं प्रसाद.

प्रूफ सरांनी दारात उभं राहून वाचलं,
कागद उन्हाकडे धरून, आधी जवळ, मग हातभर लांब,
आणि खाली सही केली.
मी बघत होतो.

मेमध्ये पेपर तपासून आले.
चिडले असते तर बरं झालं असतं.
बेचाळीस पोरांनी लिहिलं होतं:
नायकाच्या प्रसादामुळे त्याचा नाश होतो.
वालूरच्या एका पोरीने तर पान भरलं,
की वरून हातावर जे पडतं ते नाही म्हणता येत नाही,
गोड आहे का कडू हे बघायचं नसतं,
म्हणून तो खातो, आणि मरतो.
"तिला पैकीच्या पैकी दिले," सर म्हणाले.
मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"सही माझी आहे, मुजीब. अक्षरं दिसत नव्हती मला.
कुणाला म्हणालो नव्हतो."

संज्ञा क्रमांक अकरा:
प्रेक्षकाला ठाऊक असतं, नायकाला नसतं.
इथं नायकालाही ठाऊक होतं.
ही संज्ञा त्या सत्तावीसमध्ये नाही,
मी दोनदा पाहिलं.

शुद्धिपत्र चार बोटं रुंद निघालं.
पान नऊ, ओळ चार. प्रसादऐवजी प्रमाद वाचावे.
सरांनी कात्री घेतली, तिरकी गेली, परत दिली.
मी सगळ्या पट्ट्या कापल्या.
"नीट आलंय ना?"
"आलंय."
त्यांनी गठ्ठा न बघताच
शर्टाच्या खिशात घातला
आणि पायरीला पाय लागेपर्यंत
दारात चाचपत उभे राहिले.
या वेळी मी उठलो.